टाचेमागे एक थर

कलबूत, आजोबांचं. टाचेमागे एक थर चामडं.

कलबूत, बाबांचं. टाचेमागे एक थर, त्यावर दुसरा.

कलबूत, दादाचं. एक, दोन. तिसरा अर्धाच घासलेला.

कलबूत म्हणजे पायाच्या मापाचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून बूट बेतायचा. गिऱ्हाइकाचा पाय बदलला म्हणून कोणी नवा ठोकळा कोरत बसत नाही. जिथे पाय फुगला तिथे चामड्याचा तुकडा डकवायचा, कानशीने घासायचा, पेन्सिलीने तारीख टाकायची. दुकानात अशी दोनेकशे कलबुतं दोरीला टांगलेली आहेत, जोडीजोडीने. माणूस गेला तरी आम्ही ती काढत नाही.

दार उघडलं की वाऱ्याने ती एकमेकांवर आपटतात. दादा जाईपर्यंत मला तो आवाज ऐकू येत नव्हता.

आमच्या घरातल्या पुरुषांच्या टाचेवर, मागच्या जाड शिरेवर, गाठ असायची. आधी शेंगदाण्याएवढी, पुढे बोराएवढी. बाबा म्हणायचे, ही स्टुलाची गाठ. ठेंगण्या स्टुलावर पाय मागे दुमडून वर्षानुवर्षं बसलं की येते. काम अंगात मुरलं की येते. मी तेराव्या वर्षापासून त्याच स्टुलावर बसते. मला आली नाही. अंघोळ करताना मी टाच चाचपून बघायची. दादा चिडवायचा, "दाखव टाच. छे, अजून कच्चीच आहेस तू."

आजोबा सत्तेचाळीसाव्या वर्षी गेले. बाबा चव्वेचाळीसाव्या. दादा एक्केचाळीसाव्या, दुपारी साडेतीनला, माझ्यापासून चार हातांवर, ओठांत खिळे धरून. हातोडा त्याने आधी नीट खाली ठेवला होता. खिळे मी एकेक करून काढले. सात होते.

*

माझा रिपोर्ट

दादाचं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाचा झटका होता, घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. मी गेले. एकूण कोलेस्टेरॉल एकशे ऐंशी. वाईट म्हणतात ते, एलडीएल, एकशे चार. चांगलं म्हणतात ते, छप्पन्न. प्रत्येक आकड्यापुढे कंसात मर्यादा छापलेली, आणि माझे सगळे आकडे मर्यादेत, शाळेच्या रांगेत उभे असल्यासारखे.

वहिनीने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या फ्रिजवर चिकटवला. म्हणाली, चला, घराण्यात काही नाही म्हणजे. ह्यांचं आपलं कामाचं ओझं होतं.

तिला आणि मला दोघींनाही ते पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं.

*

बिट्टी म्हणजे दादाची मुलगी. वीस वर्षांची, टपालखात्यात नुकतीच लागलेली. दिवसाला बारा-तेरा किलोमीटर चालते. स्टुलावर ती आयुष्यात बसलेली नाही. लहानपणी एकदा दादाने बसवलं तर चामडं कापायच्या रापीने त्याचाच पट्टा कापून ठेवला होता.

शनिवारी सकाळी आली आणि खात्याचे बूट माझ्यापुढे टाकले. बूट मागे चावतात म्हणाली. सगळ्यांना चावत नाहीत, मलाच चावतात. आत्या, तू करून दे.

मी मोजे काढायला सांगितले. माप घेताना मी पट्टी नंतर लावते, आधी हात लावते. दोन्ही अंगठे टाचेच्या मागे ठेवून वर सरकवायचे. हे मला बाबांनी शिकवलं. पाय डोळ्यांना खोटं सांगतो, अंगठ्याला नाही, असं ते म्हणत.

माझे अंगठे थांबले.

हा पाय मला माहीत होता. दादाचा. सहा वर्षं मी याचे बूट केले होते.

दाराशी कोणीही नव्हतं. दोरीवरची कलबुतं हलली.

"गुदगुल्या होतात गं," बिट्टी म्हणाली. "काय झालं? भूत बघितल्यासारखी काय बसलीस?"

मी म्हटलं, दुखतं का? नाही म्हणाली. कधीपासून आहे? कोणाला माहीत. मग हसून म्हणाली, ही तर स्टुलाची गाठ, बाबांसारखी.

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं असावं. तिने पाय मागे घेतला.

*

कागद

ती गेल्यावर मी तिचं जुनं माप शोधलं. दादा सगळ्या मापांचे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. पाय कागदावर ठेवायचा, पेन्सिल उभी धरून भोवती फिरवायची. बिट्टीचा अकरा वर्षांची असतानाचा पाय सापडला. अंगठ्याजवळ रेघ वळवळली होती, तिथे ती हसली असणार. खाली दादाच्या अक्षरात: ‘बिट्टी. शाळेचे. बोटं पुढे वाढू देत.’

कागद पातळ होता. पलीकडची छपाई दिसत होती. मी तो उलटा केला.

नाव दादाचं. वय बत्तीस. एकूण कोलेस्टेरॉल तीनशे एकावन्न. एलडीएल दोनशे एक्क्याऐंशी. दोन्हींपुढे ठळक खूण.

आठवलं. विम्यासाठी त्याने कधीतरी रक्त दिलं होतं. परत आला तेव्हा हसत होता, की मशीनने माझं रक्त कुठल्यातरी जाड्याच्या रक्ताशी बदललं. दादा काडीसारखा होता. ना तेलकट खायचा, ना सिगारेट. तो हसला, मीही हसले, आणि कोरी बाजू वाया जाऊ नये म्हणून त्याने त्यावर पोरीचा पाय काढला.

हे सांगताना मी एक गाळलं. मीच त्याला कागद दिला होता. माप घ्यायला कागद दे म्हणाला, मी समोर पडलेला उचलून दिला.

*

डॉक्टरीणबाईंनी तो कागद बराच वेळ दोन्ही बाजूंनी पाहिला. मग पेन घेऊन मला समजावलं. मी समजले तसं सांगते.

हे कोलेस्टेरॉल रक्तातून फिरतं आणि यकृताने ते परत ओढून घ्यायचं असतं. काही घरांत ओढून घेणारे हूकच जन्मापासून कमी असतात. जाड-बारीक, खाणंपिणं यांचा फरक पडतो, पण थोडा. एलडीएल एकशे नव्वदच्या वर गेलं आणि घरात लवकर गेलेली माणसं असली की हाच संशय घ्यायचा. वय, रक्तदाब, सिगारेट घालून धोका काढायचा जो तक्ता असतो, तो अशा माणसाला लागू होत नाही. वीस वर्षांच्या पोरीला तो काहीच धोका नाही म्हणेल. पण तिच्या नळ्यांत वीस वर्षं गाळ बसतोच आहे. आकडा किती याबरोबर तो किती वर्षं हेही मोजायचं असतं.

आणि टाचेवरची गाठ? त्याच कोलेस्टेरॉलची. रक्ताच्या नव्हे, टाचेच्या त्या जाड शिरेत साठलेली.

मी विचारलं, मग मी कशी सुटले? त्या म्हणाल्या, आईबापांपैकी एकाकडे असलं तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. प्रत्येकासाठी वेगळी. तुमचा रिपोर्ट तुमच्यापुरता. त्यावरून तुमच्या भाचीबद्दल काहीही कळत नाही.

इतकी वर्षं मी त्या गाठीसाठी झुरले होते.

*

रविवारी दुपारी वहिनीकडे गेले. बिट्टी कोचावर आडवी होती, गाढ झोपलेली, पाय कोचाच्या हातावरून बाहेर लोंबत. फ्रिजवर माझा रिपोर्ट.

मी दादाचा कागद ओट्यावर ठेवला, छापलेली बाजू वर. वहिनीने वाचला. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली की नोकरी नुकतीच लागली आहे, पोरीच्या डोक्यात भुंगा सोडू नका. म्हणाली, तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण, तुमचं स्वच्छ आहे ना? मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. ती भांडी पुसत राहिली. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

शेवटी मी म्हटलं, "वहिनी, तिच्या टाचेवर अंगठा ठेवून बघा. मग नाही म्हणा."

वहिनी जागची हलली नाही.

"मला काय दाखवता, वन्सं," ती म्हणाली. "बावीस वर्षं ह्यांच्या पायांना तेल लावलंय मी. ती दमून येते, पाय पुढे करते, आई चोळ ना म्हणते. चार महिने झाले, मी तिच्या पायाला हात लावलेला नाही. हात दुखतो सांगते."

मग तिने फ्रिजवरचा माझा रिपोर्ट काढला. चुंबक खाली पडलं. आवाजाने बिट्टी जागी झाली आणि आम्हां दोघींकडे पाहत राहिली.

"दोघी मिळून रडताय, मग मला का नाही उठवलं?" ती म्हणाली.

वहिनी कोचाच्या कडेला बसली, तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि सांगायला लागली.

*

बिट्टीचा रिपोर्ट

एकूण तीनशे चाळीस. एलडीएल दोनशे अडुसष्ट.

रोज एक गोळी, जन्मभर. तीन महिन्यांनी एलडीएल एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून खाली हवं, आणि दुसरी गोळी जोडली. वेळेत सापडली, एवढं म्हणाल्या. त्याहून मोठा शब्द त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही.

*

कलबूत, बिट्टीचं. नवं कोरलं.

टाचेमागे एक थर डकवला, दोन मिलिमीटरचा. घासला. तारीख टाकली. दर सहा महिन्यांनी ती येते आणि मी अंगठे लावते. गाठ कमीही होते म्हणतात, वर्षं लागतात. आजवर तीनदा पाहिलं. वाढलेली नाही. कमी झाली असं वाटतं, पण मला ते वाटायलाच हवं आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

साडेतीनला मी अजूनही हातातलं खाली ठेवते. पुरुषांची तिन्ही कलबुतं टांगलेलीच आहेत. बिट्टीचं मी त्या दोरीला लावलं नाही. ते बाकावर असतं, कानशीच्या शेजारी.

कानस रोज पुसून ठेवते. तो थर कधीतरी घासून काढायचा आहे.