बाराव्या पातळीवरची नाडी

खाणीच्या तोंडाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पिंजरा जिथं वर येतो त्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाचशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांच्या नजरा एका लोखंडी परातीवर खिळलेल्या. परातीपुढे नाडीबाबा बसले होते. अंगात पांढरा झगा, डोक्यावर खाणकामगाराचं पिवळं हेल्मेट आणि हातात हातभर लांबीची काळी काठी.

"पृथ्वीलाही नाडी असते, बाळांनो!" बाबा म्हणाले. "डॉक्टर तुमची बघतो, मी तिची बघतो. तिचे तरंग, तिची ऊर्जा... विज्ञानाला हे कळायला अजून पन्नास वर्षं लागतील. चला, पाणी आणा. गरम आणा. आईला गार पाणी सोसत नाही."

कुटलेल्या दगडाच्या भुकटीवर किटलीतलं वाफाळतं पाणी पडलं. बाबांनी डोळे मिटून काठी गरागरा फिरवली, मग हळूहळू गढूळ पाणी ओतून टाकलं. परातीच्या तळाशी पिवळी रेघ चमकली.

शेड दणाणून गेली. कोणीतरी भिंतीवरच्या टेलिफोनकडे धावलं आणि ओरडलं, "निघालं रे! आज पण निघालं!" सहाशे मीटर खालून एकेचाळीस माणसांचा जल्लोष त्या तारेतून वर आला.

त्या एकेचाळिसांत माझा दादा होता.

जगात सोन्याचा भाव कधी नव्हे इतका चढला होता आणि आमची खाण मरायला टेकली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लोकांना काही केल्या पटेना. "सोनं महाग झालंय, मग खाण बंद कशी?" जो तो हेच विचारी. पण बाजारात भाव वाढला म्हणून दगडात सोनं वाढत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी टनभर दगडातून दहा-बारा ग्रॅम निघायचं. गेल्या वर्षी माझ्याच हातानं मी तक्त्यात दीड ग्रॅम लिहिलं होतं. त्या दीड ग्रॅमसाठी इतकं खोल उतरायचं, खाली हवा ढकलायची, रात्रंदिवस पाणी उपसायचं. शेवटी कंपनीनं नोटीस लावली, महिनाअखेर पंप बंद. एकदा पाणी भरलं की ती खाण पुन्हा कोणी उघडत नाही.

मी कंपनीच्या लॅबमध्ये दगड तपासते. सतरा वर्षं तेच काम. गावात दुसरा धंदाच नाही. घरं कंपनीची, दवाखाना कंपनीचा. दादाच्या छातीत तेवीस वर्षांची धूळ बसलेली. दुसरीकडे काम मागायला गेला की आधी छातीचा फोटो मागतात आणि फोटो बघितला की नंतर कळवतो म्हणतात. जायचं कुठं?

अशा वेळी बाबा आले. म्हणाले, बाराव्या पातळीच्या पूर्वेच्या भिंतीमागे सोन्याची नवी शीर धडधडतेय. सोन्याला सोनं ओढतं, म्हणून प्रत्येक घरानं थोडं 'बीजसोनं' द्यावं. आणि पुरुषांनी खाली जाऊन बसावं. खाली माणसं असली की कंपनीला पंप बंद करता येणार नाही.

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. त्यामुळे बाकीची खोटी वाक्यं खपली. वहिनीनं हातातल्या दोन्ही बांगड्या उतरवून दिल्या आणि दादा शिदोरी घेऊन खाली गेला.

पाचव्या दिवशी दोन पंपांपैकी एक जळाला.

दगड खालून वर यायचा, तो कुटायला माझ्याकडे. बाबांच्या परातीत जाण्याआधी मी रोज त्यातला चमचाभर बाजूला काढून तपासत होते. काही नव्हतं. मी खाणीच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझं कोण ऐकतंय? पंप बंद करणारा मीच ना!" मग वहिनीला सांगितलं.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुमचा पगार अजून चालू आहे, म्हणून तुम्हाला हे सुचतंय. तुमचा भाऊ खाली पाण्यात बसलाय. त्याच्या आशेवर तरी पाय देऊ नका."

मी शेडमध्ये परत गेले. माणसं पांगली होती. परातीच्या काठाला बोट लावलं तर बोट बुळबुळीत झालं. उरलेल्या पाण्यावर पातळ साय धरली होती. दगडातून तेल निघत नाही. तळाला चिकटून राहिलेले चार कण मी कागदात घेतले आणि लॅबमध्ये तपासले. साय मेणाची होती. कणांत सोनं होतं, पण त्यात तांबंही होतं. आमच्या खाणीच्या सोन्यात चांदी असते, तांबं जवळजवळ नसतंच. तांबं सोनार घालतो, दागिना टिकावा म्हणून.

दुपारी दादाचा फोन आला.

"छोटे, पाणी घोट्याच्या वर आलंय." मग खोकल्याची उबळ. "पण धीर सुटलेला नाही कोणाचा. बाबा काय म्हणतात?"

"दादा, वर ये. भिंतीत काही नाही."

"तू पण कंपनीसारखंच बोलायला लागलीस?" त्यानं फोन ठेवला.

माझ्या तोंडी सांगण्याला किंमत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आता डोळ्यांनीच दाखवायला हवं होतं. लॅबमध्ये आमची एक साधी रीत आहे. नमुन्यांच्या रांगेत एक कोरा नमुना मुद्दाम घालायचा, ज्यात काही असूच शकत नाही. त्यातही सोनं दिसलं तर समजायचं, सोनं दगडात नाही, आपल्या हातात किंवा भांड्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून दगड आला. मी तो कपाटात ठेवला, लॅबच्या मोरीतलं तडकलेलं बेसिन हातोड्यानं फोडलं आणि यंत्रात टाकलं. गारगोटीसारखी पांढरीशुभ्र भुकटी झाली. पिंजरेवाल्या काकांना ते आणि मेणामुळे काठीवर आलेला संशय, दोन्ही सांगून ठेवलं. तीस वर्षं पिंजरा वर-खाली करणारा माणूस. ते म्हणाले, "एक पंप किती वेळ ओढेल, भरवसा नाही. जे करायचं ते आजच कर."

शेड पुन्हा भरली. मी टेलिफोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला, खालच्यांना ऐकू यावं म्हणून. बाबांनी भुकटी चिमटीत घेतली, कपाळाला लावली.

"अहाहा! आज शीर फार जवळ आहे. काय ही शुभ्रता! हे आईचं दूध आहे, बाळांनो!"

गरम पाणी, काठी, तरंग, ऊर्जा. पाणी ओतलं. पिवळी रेघ रोजच्यापेक्षा जाड होती.

जल्लोष ओसरेपर्यंत मी थांबले.

"बाबा, हे सोनं या भुकटीतलंच ना?"

"शंका आहे का, मुली?"

"तसं नाही. ही भुकटी लॅबच्या बेसिनची आहे. तोंड धुवायच्या."

मी पिशवीतून बेसिनचा उरलेला तुकडा काढला. त्याला नळाचं भोक अजून तसंच होतं. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा मात्र कच्चे नव्हते.

"चिनी माती असली तरी मातीच ना?" ते गरजले. "आईनं आज बेसिनमधूनही दर्शन दिलं! याहून मोठा चमत्कार कोणता?"

आणि माणसं चक्क मान डोलवायला लागली! बुडणाऱ्याला दोरी दिली तर तो बाबांचाच हात घट्ट धरत होता.

"मग एकदा गार पाण्यात करा," मी म्हणाले. "तीच भुकटी, तीच काठी. फक्त पाणी गार."

"आईला गार पाणी..."

"माझा नवरा कालपासून गार पाण्यात बसलाय." गर्दीतून वहिनी पुढे आली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. "आईला एकदा सोसवेल."

बाबा उठायला लागले. वहिनीनं काठी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि काकांकडे दिली. काकांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, काठीचं टोक किटलीच्या पाण्यात दोन मिनिटं धरलं आणि कागदावर झटकलं. आधी मेणाचा थेंब पडला. मागोमाग पिवळी भुकटी सांडली. काठी आतून पोकळ होती. तोंडाशी मेणाचं बूच. गरम पाण्यात मेण वितळलं की आतलं थोडं सोनं खाली, काठी बाहेर काढली की उरलेलं मेण पुन्हा घट्ट.

"हे सोनं आपल्याच घरातलं आहे," मी सांगितलं. "यात सोनारानं घातलेलं तांबं आहे. तुम्ही बीज म्हणून दिलेले दागिने बाबा कानशीनं घासून तुम्हालाच दाखवत होते. चिमूटभर दाखवायचं, बाकीचं पोतडीत."

बाबांना दारात लोकांनीच अडवलं. त्यांच्या खोलीत एक कानस आणि दागिन्यांनी भरलेला डबा सापडला.

मी रिसीव्हर कानाला लावला.

"दादा, ऐकलंस ना?"

तारेत नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"ऐकलं," तो म्हणाला. "खाली काही नाही, हे कळलं. पण छोटे, वर तरी काय आहे?"

आयुष्यात इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खोटं बोलले असते तर माझ्यात आणि बाबांत काय फरक राहिला असता?

"फार नाही," मी म्हणाले. "खाण बंदच होणार. बाहेर सोनं काढून टाकलेल्या भुकटीचा तो जुना ढिगारा आहे, त्यात टनामागे अर्धा-पाऊण ग्रॅम आहे. तो पुन्हा धुतला तर काहींना काम मिळेल. सगळ्यांना नाही. तुला मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण वर हवा आहे, दादा. वहिनी आहे. मी आहे."

मग खालची घंटा वाजली. काकांनी यंत्र सुरू केलं. एका खेपेला दहा असे ते पिंजऱ्यातून वर आले, चिखलानं माखलेले, कोणाच्या डोळ्याला डोळा न भिडवता. दादा शेवटच्या खेपेत आला. वहिनीनं त्याच्या पायांतले बूट ओढून काढले आणि पांढरे पडलेले तळवे मांडीवर घेऊन चोळत राहिली. संध्याकाळी दुसरा पंपही बंद पडला.

महिन्याभरानं मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले. हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका. मुखपृष्ठावर 'सोने उद्योग : वाढीच्या संधी'. पडद्यावर वर वर जाणाऱ्या रेघा दाखवत ते म्हणाले, ढिगाऱ्याच्या प्रकल्पातून तीनशे नोकऱ्या. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

वहिनी उभी राहिली. "साहेब, ढिगाऱ्यातला नमुना कुठून कुठून घेतला? तपासला कोणी? आणि आमच्या माणसांसमोर पुन्हा तपासाल का?"

अधिकाऱ्यांनी पुस्तिका उलटसुलट चाळली. टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले.

मला वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. माणूस अडकला की त्याला आशा लागते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आशा विकणारा झग्यात येवो की कोटात, त्याला पुरावा मागा, आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा तपासून घ्या. खरं असेल ते दहा वेळा तपासलं तरी खरंच निघतं. तुम्ही विचारल्यावर जो रागावतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

"हे मला वर विचारावं लागेल," अधिकारी घाम पुसत म्हणाले.

"विचारून या," वहिनी खाली बसत म्हणाली. "आम्ही कुठं जातोय? आम्ही इथंच आहोत."