गाईपासून जाईपर्यंत

मी जाई. तोंडाने फटकळ आहे, हे आख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण आमच्या ह्यांच्यापुढे मी काहीच नाही. कल्याणच्या घाऊक बाजारात हे कांद्याच्या लिलावाची बोली पुकारायचे. डोंबिवलीला घरी आले तरी आवाज तोच. खालच्या जिन्यातूनच "जाईऽऽ" अशी हाक यायची आणि मी वैतागायची, "अहो, बहिरी नाही मी!"

दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले. तेही मी सोसलं असतं, पण बोलणंच गेलं हो! समजायचं सगळं, फक्त शब्द ओठावर यायचा नाही. माझ्याकडे बघत बसायचे आणि डोळ्यांतून पाणी. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

ठाण्याला संचिता मॅडम आहेत, अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्या म्हणाल्या, "आजी, यमकाची गाणी वाचून दाखवा. शेवटच्या शब्दाला थांबा. तो त्यांना बोलू दे, तुम्ही बोलायचा नाही." आमच्या नातीचं, प्राचीचं, जाड पुठ्ठ्याचं प्राण्यांचं पुस्तक घरात होतंच. ते बघून ह्यांनी तोंड फिरवलं. बाजार हलवणाऱ्या माणसाला मी बालवाडीत बसवलं होतं ना!

आणि गप्प राहायचं म्हणजे मला फाशीच. "कुरणात चरते कपिला..." एवढं म्हणायचं आणि जीभ दाताखाली धरून बसायचं. एका सकाळी हे म्हणाले, "गाई." मी रडले आणि शेजारच्या विमलाबाईंना हाताला धरून ओढत आणलं.

हळूहळू ओळी पाठ झाल्या. माझं नाव मात्र येईना. मी म्हणायची, "म्हणा, जाई." हे म्हणायचे, "गाई."

"वा! एवढा संसार केला आणि शेवटी गाय झाले होय मी?"

हे हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मग मीच पुस्तकातल्या ओळींना माझी एक ओळ जोडली.

कुरणात चरते कपिला गाई,
वासरू म्हणतं, आई गं आई!
शेंगा वेचते खारूताई,
घरात माझ्या नांदते जाई.

नाव आलं. पण सुटं कधीच आलं नाही. मला बोलवायचं तर सुरुवात गाईपासून. पाणी हवं असलं तरी आधी सगळी जनावरं दारातून जायची, मग माझा नंबर. मला त्याचं इतकं कौतुक, की गाणं संपेपर्यंत मी जागची हलायची नाही.

परवा दुपारी हे आत झोपले होते आणि मी बाहेर गॅलरीत विमलाबाईंबरोबर मेथी निवडत होते. आतून आवाज आला, "कुरणात चरते..."

"ऐका, ऐका," मी म्हटलं. "आता बघा, माझं नाव येतं." नाव आलं. विमलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. आतून पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

"आज फॉर्मात आहेत तुमचे," विमलाबाई म्हणाल्या. मला मेलीला मूठभर मांस चढलं. तिसऱ्यांदा गाणं खारूताईशीच थांबलं. पुढची ओळ सांगायला म्हणून मी हसतच आत गेले.

हे मोरीत पडले होते. पाय अंगाखाली दुमडलेला, नळ वाहतोय, कपाळाला खोक. मी आणि विमलाबाईंनी किती जोर लावला, पण ह्यांना उचलता येईना. कळव्याला मुलाला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्सला केला. सगळे म्हणाले, निघालोय.

ह्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं. "कुठं दुखतंय हो? पायाला? कमरेला?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कुरणात चरते..."

"अहो, आले ना मी! इथंच आहे!" मी ह्यांच्या ओठांवर हात ठेवला. हाताखाली ओठ हलतच होते. वासरू झालं, खारूताई झाली, आणि जाई म्हणून झाल्यावर ह्यांनी पुन्हा गाईपासून सुरुवात केली.