घरचे टायर

राजुऱ्यात रईसच्या दुकानात घासलेल्या टायरवर नवा पट्टा चढवून मिळायचा. येणारा प्रत्येक जण जाता जाता एकच सांगायचा, "भाऊ, घरच्यासारखं करून दे." कोळशाचे ट्रकवाले सांगायचे, कापसाचे ट्रॅक्टरवाले सांगायचे. रईस मान हलवायचा आणि सगळ्यांचं सारखंच करायचा. घरचं काम त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं. घरात वाहन म्हणाल तर एक सायकल.

घरचं काम आलं ते धाकट्या भावानं, शहबाजनं, जुनी जीप घेतली तेव्हा. आई-बाप लवकर गेले. रईसनंच त्याला लहानाचा मोठा केला, नूरीशी त्याचं लग्न लावून दिलं. आता तो आलापल्लीला राहून एटापल्लीच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवणार होता. जीपचे मागचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते.

"भाईजान, तुमच्याच हातचे लावतो," शहबाज म्हणाला.

"जीप भंगारात जाईन, पण टायर नाई जानार," रईस म्हणाला. बोलताना त्याची छाती फुगली होती, हे कबूल करायला हवं.

रईस हे काम शिकला पोचू उस्तादांकडे. त्यांच्याकडे लाकडांवर चालणारी वाफेची भट्टी होती. मोठी आळशी भट्टी. तापता तापत नसे, आणि तापली तरी तिचा ताप मवाळ. तिच्यात टायर जास्त शिजणं अवघड, कच्चा राहणं सोपं. त्यामुळे उस्तादांचा सगळा धाक कच्चेपणाचा. टायर बाहेर काढला की त्यात अंगठ्याचं नख रोवायचं. वण भरून आला तर पक्का. राहिला तर कच्चा, घाल परत आत. हे रईसच्या हाडात मुरलं होतं.

उस्ताद गेले, भट्टी मोडीत निघाली, रईसनं विजेचा साचा आणला. तेव्हा रबर विकायला येणाऱ्या माणसानं त्याला नीट समजावलं होतं. कच्च्या रबराचे धागे सुटे असतात. ताप लागला की गंधक त्यांना एकमेकांशी गाठी मारतो, म्हणून रबर ताणलं तरी जागेवर येतं. "पण हा साचा तुमच्या भट्टीपेक्षा कडक आहे. वेळ झाली की काढून घ्या. जास्त भाजलं तर बसलेल्या गाठी सुटायला लागतात." रईसनं त्याला चहा पाजला आणि ऐकून सोडून दिलं. गिऱ्हाइकांचे टायर तसेही वेळेवरच निघायचे, कारण मागचा घाई करत उभा असायचा. त्यामुळे घोडं कधी अडलं नाही.

शहबाजच्या टायरांना मात्र घाई करणारं कुणी नव्हतं. घरचं काम म्हणून रईसनं ते साच्यात जास्त वेळ ठेवले. काढून नख रोवलं. वण राहिला.

कच्चा! भावाचा टायर आणि कच्चा! त्यानं ताप वाढवला आणि दोन्ही टायर पुन्हा घातले. दुसऱ्यांदा नख आणखी सहज रुतलं. त्यानं विजेला शिव्या घातल्या आणि पुन्हा घातले.

"जळल्यावानी वास येऊन राह्यला," त्याची बायको नाहीद आतून म्हणाली. "किती भाजता?"

"घरचं काम हाय," रईस म्हणाला.

थंड झाल्यावर टायर काळेभोर, चकचकीत दिसत होते. शहबाज हात फिरवून खूश झाला.

एप्रिलच्या भर उन्हात, गाडी माणसांनी भरलेली असताना, त्यातल्या एका टायरचा पट्टा अख्खा सोलून निघाला. जीप नाल्यात गेली. बाकीचे हातपाय मोडून वाचले. शहबाज वाचला नाही.

लोक म्हणाले, रस्ताच तसा. लोक म्हणाले, ऊन किती, गाडी किती भरलेली. रईसकडे कुणी बोट दाखवलं नाही. तो स्वतःच फाटका टायर घरी घेऊन आला आणि सुरीनं कापून बसला. आतलं रबर लिबलिबीत झालेलं. नख रोवलं तर तुकडा हातात आला. तेव्हा त्याला रबरवाल्याचे शब्द आठवले. नखाचा वण कच्चेपणाचा नव्हताच. गाठी सुटायला लागल्या होत्या, आणि तो दर वेळी परत भाजून उरलेल्या सोडवत बसला होता.

त्या दिवसापासून त्याला भावापेक्षाही दुसरा टायर जास्त दिसू लागला. तो अजून जीपलाच होता. जीप दुरुस्त होऊन आली होती, आणि पोट भरायला नूरी ती मुखरू नावाच्या ड्रायव्हरच्या हाती देणार होती.

शहबाजचा चाळिसावा झाल्यावर रईस आलापल्लीला गेला. सोबत जॅक, पाना आणि गिऱ्हाइकानं दुकानात सोडून दिलेला एक जुना टायर. तो साच्यातून वेळेवर काढलेला होता, चांगला होता. दिसायला मात्र मळका, कडेला ठिगळ लावलेला.

नूरी दारात येऊन उभी राहिली. "भाईजान, तो काऊन काढून राह्यले?"

सांगायला इथवर आलो, असं रईसला वाटलं होतं. पण तुझा माणूस माझ्या हातानं गेला, हे तिच्या अंगणात उभं राहून कसं म्हणायचं?

"मले दुकानात पायजे," तो म्हणाला.

"राहू द्या ना. ते म्हनत, भाईजानच्या हातचा हाय, डोळे मिटून चालवतो."

रईस नट सोडवत राहिला. नूरीनं चकचकीत टायर निघताना पाहिला, ठिगळाचा चढताना पाहिला, आणि तिचा चेहरा आवळून आला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुमचाच होता."

तिनं पाणीही विचारलं नाही. दार लावून घेतलं. रईसला रडू आलं, पण त्यानं टायर सोडला नाही.

दुकानात येऊन त्यानं त्याचे तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी गोवरी गावचे गुणवंतराव ट्रॉलीचा टायर घेऊन आले. जुनं गिऱ्हाईक. टायर टेकवून म्हणाले, "रईसभाऊ, घरच्यासारखं करून दे."

रईसनं साच्याचं झाकण उघडलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "गिऱ्हाइकासारखंच करतो."