दूध केंद्राचा खेळ

माझी नात संस्कृती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. दुधाचे भाव पडले तेव्हा तिने मोबाईलवर खेळायचा एक गेम बनवला. खेळणाऱ्याने दूध केंद्रावर बसायचं. पेंडीचा भाव वर जातो, दुधाचा खाली येतो, मधेच एक पुढारी येऊन अनुदान जाहीर करतो, हार घालून घेतो आणि जातो. अनुदान शेवटपर्यंत येत नाही. गावातली पोरं हसून लोळायची.

"आजी, केंद्रावर खरंच काय चालतं ते सांग ना," असं ती बनवताना म्हणाली होती. मी सांगत गेले. ती हसत होती, म्हणून अजून सांगत गेले. त्या भरात कल्याणचीही गोष्ट सांगून बसले.

कल्याण आमच्या केंद्रावर दूध मोजायचा, त्याचं फॅट काढायचा; फॅटवरच दुधाचा भाव ठरतो. पन्नाशी उलटल्यावर मी अक्षरं शिकले ती त्याच्यापाशी, दुधाच्या पावत्यांवरून. गर्दी ओसरली की तो एकेका शब्दावर बोट ठेवायचा. असंच एकदा आम्ही दोघंच असताना तो हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्या म्हशीचं दूध चांगलं हाय. वरून फोन येतो, आज समद्यांचं फॅट दोन पॉइंट कमी दाखव म्हनून. कुनाला बोलू नका."

संस्कृतीच्या गेममध्ये तो फोन वाजतो. उचलणाऱ्या माणसाच्या चष्म्याला दोरी बांधलेली आहे. कल्याणच्याही चष्म्याला आहे. तेही मीच सांगितलं होतं.

आठवड्यात गेम सगळीकडे पसरला. बेलापूरच्या बाजारात लोक कल्याणला गाठून विचारायचे, "काय शेठ, आला का फोन?" तो नुसता हसायचा. मग एका सकाळी, आमचं दूध जिथं जातं त्या प्लँटचा साहेब गाडी घेऊन केंद्रावर आला. आम्ही वीसेक जण किटल्या घेऊन रांगेत होतो.

"बाहेर कोण बोललं?" साहेबाने विचारलं.

"मला ठाव न्हाई, साहेब," कल्याण म्हणाला.

"चष्मा तुझा, केंद्र तुझं, आणि तुला माहीत नाही?"

रांगेत मागे उभा असलेला भीमा ओरडला, "साहेब, आदी फोन खरा का खोटा ते तर सांगा!"

रांग हसली. मीही हसले. कल्याणची नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावरूनही. दोन पावलं पुढे जाऊन तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी उघडलं नाही. त्या दिवशी माझ्या दुधाला फॅट भरपूर लागलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या खुर्चीवर नवा माणूस होता.

चार दिवस मी सुनेला दूध घेऊन पाठवलं. पाचव्या दिवशी कल्याणच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. त्याची बायको पुष्पावती शेंगा फोडत होती.

"कल्याण, पोरीला ते मी सांगितलं."

"म्हाईत हाय, मावशी. दुसऱ्या कुनाला मी बोललोच नव्हतो."

"मग साहेबाला माझं नाव का न्हाई सांगितलं?"

"तुमीच सांगाल म्हनून थांबलो."

पुष्पावतीने मान वर न करता म्हटलं, "रांगेत तुमीबी हसला म्हनं."

मला जीव नकोसा झाला. "संस्कृतीला सांगून गेम काढायला लावते," मी म्हणाले.

"काढून काय हुनार? दाखवा तरी. मी अजून बघितला न्हाई."

मी मोबाईल दिला. तो नाकापाशी धरून खेळू लागला. पुढाऱ्याला बघून हसला. मग फोन वाजला. त्याने 'हो' दाबलं. परत वाजला, परत 'हो'. तिसऱ्यांदा तो थांबला.

"न्हाई म्हनायचं बटन कुटं हाय?"

"ते लाल. ते दाबलं की खेळ संपतो."

"मग बरोबर केलंय पोरीनं," म्हणत त्याने ते दाबलं आणि मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"मी प्लँटला जाते," मी म्हणाले. "साहेबाला सांगते, तोंड माझं सुटलं."

"आता जाऊन काय, मावशी? खुर्ची भरली."

"तरी जाते."

पुष्पावतीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"जायचं तर आत्ताच निघा," ती म्हणाली. "धाची बस चुकली तर मग दुपारीच हाय."