झाकालुकांच्या दारातली पाटी

मित्रांनो, गॅरेजमध्ये बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी भिंतीला टेकलेली मी एक जुनी पाटी आहे. लाकडी चौकट, दोन पाय आणि अंगभर खिळ्यांची भोकं. निवडणूक आली की अंगणात उभं राहायचं आणि या घराचा कौल कोणाला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, एवढंच माझं काम. पण ते मी तोऱ्यात केलं.

मला बोहदान झाकालुकनं घडवलं. तो कॅनडातल्या विनिपेगच्या रेल्वे कारखान्यात सुतार होता. कारखान्यात संप झाला आणि घरात खायचे वांधे झाले, तेव्हा पिवळ्या पक्षाची माणसं बटाट्यांची पोती घेऊन त्याच्या दारात आली होती. तेव्हापासून दर निवडणुकीला माझ्या अंगावर पिवळं कापड चढायचं. त्याची लेक लारिसा त्यावर अक्षरं रंगवायची. लोक थांबून बघत आणि मी फुगून जायची. पुढे प्लास्टिकच्या सडपातळ पाट्या आल्या नि माझी रवानगी इथे झाली. अंगणाची इतकी आठवण यायची, काय सांगू!

मग आमच्या उपनगरातल्या आमदारानं राजीनामा दिला आणि ऐन हिवाळ्यात प्रांताच्या विधानसभेची पोटनिवडणूक लागली. प्लास्टिकच्या पाट्यांच्या तारा गोठलेल्या जमिनीत शिरेनात. बोहदानला माझी आठवण झाली. आमच्याकडची रीत अशी, की बर्फाचा ढीग रचायचा, त्यात पाटीचे पाय खुपसायचे आणि वरून पाणी ओतायचं. सकाळपर्यंत पाटी घट्ट. मला कोण आनंद झाला!

पाणी गोठतंय न गोठतंय तोच लारिसा आली.

"बाबा, मला जांभळ्या पक्षानं उभं केलंय."

"जांभळ्या? तुझ्या बापाचा कारखाना बंद करणारे ते!"

"ती माणसं आता आहेत कुठे? आपल्या इस्पितळाचा तातडीचा विभाग बंद होतोय, तो वाचवायला मी उभी राहतेय. मत कोणालाही द्या. पण ही पाटी तरी काढा."

बोहदाननं माझ्याकडे बोट दाखवलं. "ती गोठली. आता बर्फ वितळेपर्यंत निघायची नाही."

"बाबा, थापा मारायच्या तर जरा बऱ्या मारा," लारिसा म्हणाली. "अख्ख्या गल्लीत माझं नाव लागेल हो. मला ते इथे हवं होतं."

त्यानंतर ती प्रचाराहून परतताना रोज आमच्या घरासमोर गाडी हळू करायची. माझा पिवळा चेहरा बघायची नि निघून जायची. पडद्याआड बोहदानही उभा असायचा. शेजारची एर्लिंडा त्याला टोमणा मारायची, "काय हो झाकालुक, परक्याला अंगण आणि पोरीला रस्ता?"

"थंडी फार आहे, घरात जा," तो म्हणायचा.

ज्या अंगणासाठी मी झुरले, तिथे आता मला उभं राहवेना. एखाद्या वादळानं आडवं करावं, असं वाटायचं. पण बर्फ मला सोडेना.

लारिसा थोडक्यात हरली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते पाट्या गोळा करत फिरू लागले. बोहदान उकळत्या पाण्याची किटली घेऊन बाहेर आला. पायांवर पाणी पडताच मी सुटले. इतकं सोपं होतं ते! त्यानं माझं पिवळं कापड काढलं, जांभळ्या कार्यकर्त्यांकडून लारिसाच्या नावाचं जांभळं कापड मागून आणलं, माझ्यावर ठोकलं आणि मला पुन्हा तिथेच रोवलं. तेव्हा गल्लीत दुसरी एकही पाटी उरली नव्हती.

रविवारी लारिसा जेवायला आली आणि रस्त्यातच थांबली. बोहदान टोपी न घालताच बाहेर धावला.

"बाबा, मतदान होऊन गेलं. मी हरले."

"ठाऊक आहे मला."

"मग आता हे कशाला?"

"माझ्याच दारात तुझं नाव नव्हतं गं," तो म्हणाला. "मला झोप लागेना."

ती माझ्यावर हात ठेवून रडली. काय करावं ते बोहदानला कळेना. मी सरळच होते, तरी तो मला सरळ करत राहिला. मग म्हणाला, "चल आत, बीटाचं सूप निवतंय."

मित्रांनो, आता मी पुन्हा गॅरेजमध्ये आहे. लारिसाचं नाव अजून अंगावर आहे, बोहदान ते कोणाला काढू देत नाही. जुन्या लाकडाला ओलीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठं मागणं असं, की आपल्या माणसाचं नाव दारात लावायचं असेल, तर त्याला त्याची गरज असताना लावा. लारिसा रोज गाडी हळू करायची, तेव्हा मी तिथेच उभी होते.