पोटभाडेकरू

कोदैनं सुईनं पानावरची गाठ उभी चिरली, तसे आतून काळे फुलकिडे भराभरा बाहेर आले.

गाठ आणली होती शेजारी बसलेल्या इळवेनिलनं, सगळ्यांच्या वेनिलनं, कोल्ली डोंगरावरून. कोदैनं बारा वर्षं तेच डोंगर पालथे घातले, हाती काही लागलं नाही. आणि ही कालची पोर एका फेरीत नवी जात घेऊन आली! प्रयोगशाळेचे प्रमुख, सार, सकाळपासून हिचंच कौतुक करत सुटले होते. कोदैचा नुसता जळफळाट चालला होता.

"अक्का, गाठ करणारा हाच ना? तुम्ही हो म्हणालात की लेख पाठवते."

कोदैनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जात नवी, वादच नाही. पण हे जाडजूड पुढचे पाय? असे पाय तिनं उपऱ्यांचेच पाहिले होते, दुसऱ्यानं केलेल्या गाठीत घुसून संसार थाटणाऱ्यांचे. गाठ करणारी खरी मालकीण पानाच्या दुमडीत मरून पडली होती, पंख झडलेली. तीही कोदैनं कधी न पाहिलेली. वेनिलनं गाठ फार उशिरा तोडली होती, तोवर आत उपरेच उरले होते.

छापू दे हिला. मग खरी मालकीण आपण जाहीर करू. तेव्हा बघू सार कुणाला डोक्यावर घेतात ते.

"हाच," ती म्हणाली. "झकास काम केलंस गं."

"हुश्श! जीव टांगणीला लागला होता माझा." वेनिल संगणकाकडे वळली.

तेवढ्यात कोदैनं मालकीण चिमट्यानं अलगद उचलून आपल्या कुपीत टाकली.

"गेला लेख! आता सांगते. तुमचं नाव पहिलं टाकलंय."

"माझं? कशाला?"

"अहो, गाठ चिरायला मला शिकवलं कुणी? सारच म्हणाले, कोदैची नजर चुकत नाही. ती हो म्हणाली की डोळे मिटून पाठव."

कोदैच्या हातातलं झाकण हातातच राहिलं.

"काय हो अक्का, आनंद नाही झाला?"

"लेख परत मागव."

"का?"

कोदैनं कुपीतली मालकीण काचेवर काढली, भिंगाखाली सरकवली आणि स्वतः बाजूला झाली. वेनिल बराच वेळ बघत राहिली. मग तिनं रिकाम्या कुपीकडे पाहिलं.

"ही तुम्हाला आत्ता दिसली, अक्का?"

"नाही," कोदै म्हणाली.