नदी दक्षिणेला

प्रभाकर गद्र्यांच्या हस्तलिखितात एकेचाळिसाव्या पानावर मला माझंच वाक्य भेटलं. ‘या गावात जो एक वर्ष आणि एक दिवस राहील, त्याच्यावर कुठल्याही सरदाराची मालकी उरणार नाही.’ माझी बोटं सवयीने पुढे गेली, पूर्णविराम देऊन मोकळी झाली आणि मग डोक्याला कळलं.

कोपरीत, स्टेशनपासून चार मिनिटांवर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांच्या नोटिसा, आणि निवृत्त माणसांची प्रवासवर्णनं. निवृत्त माणसं फार प्रवास करतात आणि त्यातलं काहीच मनात ठेवत नाहीत. गद्रेसाहेब डोंबिवलीचे, मोठ्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी पॅरिसला, म्हणून युरोपच्या दोन वाऱ्या. फुलस्केप कागदांवर हिरव्या शाईत सुबक अक्षरात त्यांनी ते सगळं लिहून आणलं होतं. सातवं प्रकरण: मोंरेनार, एक तटबंदीचं गाव.

मी पुढचं पान वाचलं. मग त्याच्या पुढचं. अकरा पानं माझी होती. ‘आम्ही सकाळी बसने पोचलो’ आणि ‘तिथली कॉफी कडू होती’ ही दोन वाक्यं तेवढी त्यांची.

मोंरेनार माझ्याकडे आलं ते एका कॅलेंडरवरून. कागदाच्या व्यापाऱ्याने दिलेलं, ऑगस्टच्या पानावर फ्रान्समधलं टेकडीवरचं एक गाव आणि त्याच्याभोवती दगडी तट. वर्ष संपलं तरी ते पान मी काढलं नाही. मला एकच प्रश्न पडलेला, संध्याकाळी दरवाजा कोण लावत असेल आणि किल्ली कोणाकडे. दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण प्रश्न पडायचं थांबलं नाही. फोनवरच्या डिक्शनरीतून एकेक शब्द करत मी फ्रेंच वाचायला लागले. तिथल्या नगरपालिकेला पत्र टाकलं. जुन्या कागदपत्रांचं काम बघणारी सोलांज नावाची बाई उत्तर द्यायला लागली. सहा वर्षं आम्ही एकमेकींना लिहितोय. माझं फ्रेंच वाचून ती हसत असणार, पण तिने ते कधी कळू दिलं नाही.

किल्ली गावाने निवडलेल्या चार पंचांकडे असायची. तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या अधिकाऱ्याने ते गाव मुद्दाम वसवलं, कारण खाली नदी होती आणि नदीपलीकडे, फ्रान्सच्याच भूमीवर, इंग्लंडच्या राजाचा मुलूख. सरहद्दीवर राहायला कोण येणार? म्हणून येणाऱ्याला सारखाच प्लॉट, वहीतल्या चौकटींसारखे सरळ रस्ते, मधोमध बाजार, आणि ते वर्ष-आणि-एक-दिवसाचं वचन. दुसऱ्याच्या शेतावर बांधलेली माणसं रात्रंदिवस चालत आली. वचनाच्या बदल्यात प्रत्येक घराने तटाचा आपापल्या वाटणीचा तुकडा बांधायचा. सोलांजने लिहिलेलं, अजूनही नीट पाहिलं तर भिंतीत जोड दिसतात, एका घराचं काम कुठे संपलं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू झालं ते. पुढे शंभर वर्षांत गाव पाच वेळा या राजाकडून त्या राजाकडे गेलं. बाजारात धान्य मोजायची दगडी मापं मात्र तीच राहिली.

हे सगळं मी लिहून काढलं आणि आमच्या इथल्या वाचनालयाच्या वेबसाइटवर ‘देशोदेशीची गावं’ म्हणून टाकलं. त्यांची साइट मीच सांभाळते. खाली नाव घातलं नाही. बावीस वर्षं लोकांचं लिहिलेलं टाइप करतेय, टाइप करणारीने नाव घालायचं नसतं, ते हाताला इतकं लागलेलं की स्वतःचं लिहिलं तरी हात नावाकडे गेला नाही. वाचनालयातल्या लोकांना वाटलं, मी कुठूनतरी उतरवून घेतलं. छान आहे म्हणाले. कुठून घेतलंस, हेही कोणी विचारलं नाही.

आणि आता ते हिरव्या शाईत माझ्यासमोर होतं.

दुसऱ्या दिवशी गद्रेसाहेब फोटो द्यायला आले. पेन ड्राइव्ह लावला आणि पहिलाच फोटो उघडला. साहेब तटावर उभे, मागे खाली नदी, आणि चेहरा काळाकुट्ट, कारण सूर्य बरोबर पाठीमागे नदीवर तळपतोय. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. एप्रिल महिना, दुपारचा एक बावन्न.

मी त्या फोटोकडे बघतच राहिले. भर दुपारी सूर्य नदीच्या बाजूला. आपल्याकडे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. तिथे, इतक्या दूर उत्तरेत, वर्षातून एकदाही नाही. म्हणजे नदी दक्षिणेला. आणि मी लिहिलं होतं, उत्तरेला.

सोलांजने पाठवलेला जुना नकाशा उघडला. खालच्या कोपऱ्यात एक बाण होता, खाली तोंड करून. सहा वर्षं मी त्याला नक्षी समजत होते. नकाशाच उलटा काढलेला, वर दक्षिण. म्हणजे नकाशावरून घेतलेल्या माझ्या सगळ्या दिशा उलट्या. लाजेने माझे कान तापले. चोरीला गेलं ते गेलं, वर ते चुकीचं.

“काय झालं, फोटो उघडत नाहीये का?” गद्रेसाहेबांनी विचारलं.

“उघडला. साहेब, हे सातवं प्रकरण तुम्ही कुठून घेतलं?”

“कुठून म्हणजे? जाऊन आलो मी.”

“ते वाचनालयाच्या साइटवर आहे. शब्दन् शब्द.”

“हो, थोडी माहिती घेतली तिथून.” ते अजिबात गडबडले नाहीत. “माहितीला मालक नसतो, सुमतीताई. तिथे कोणाचं नावही नाही.”

“माझं आहे ते. मी लिहिलंय.”

ते हसले. वाईट हसले नाहीत. शेजारच्या मुलाने मी चंद्रावर जाऊन आलो म्हटल्यावर आपण हसतो ना, तसं मायेने हसले. “तुम्ही टाइप केलं असेल. टाइप करणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, नाही का?”

मी पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात ठेवला. फुलस्केपचा गठ्ठा दोरीने बांधून दिला. “दुसरीकडे करून घ्या.”

“अहो, रागावू नका. ऋणनिर्देशात तुमच्या दुकानाचं नाव घालतो.”

“जा तुम्ही.”

घरी मारुतीला सांगितलं. माझा नवरा खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला. त्याला माझ्या फ्रान्सचं कौतुक आहे, पण तो ते खवचटपणातच दाखवतो.

“मी बोललेलो तुला, खाली नाव टाक. बोललेलो की नाही?”

“बोललेलास.”

“आणि त्या चुकीचं काय?”

“साइटवर दुरुस्त करते आजच.”

“थांब जरा. त्याला छापू दे. छापलेलं खोडता येत नाही.”

मला ते आवडलं नाही, म्हणजे आवडलं, आणि म्हणून आवडलं नाही. तरी साइटला हात लावला नाही. तीन महिने मी रोज सकाळी ते पान उघडायचे, माझी उलटी नदी बघायचे आणि बंद करायचे. गावाशी मी बेइमानी करतेय असं वाटायचं. मग त्यांचं ते मायेचं हसू आठवायचं आणि हात मागे यायचा.

डोंबिवलीत पुस्तकाचं प्रकाशन झालं, रविवारी सकाळी. आमंत्रण नव्हतं, पण अशा कार्यक्रमांना कोणी अडवत नाही. मी आणि मारुती मागून तिसऱ्या रांगेत बसलो. स्टेजवर गद्रेसाहेब आणि प्रकाशक सलिल, बारीक चणीचा, सतत घड्याळ बघणारा. पहिल्या रांगेत साहेबांच्या पत्नी, सुहासिनीताई, नारिंगी काठाच्या साडीत. पडद्यावर फोटो सरकत होते. मोंरेनारचा तो तटावरचा फोटो आला तेव्हा साहेबांनी तिथेच थांबून आवाज खाली आणला आणि वर्ष-आणि-एक-दिवसाचं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. माझ्या वाक्याला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या, आणि हात मांडीवर घट्ट धरून बसले.

“कोणाला काही विचारायचंय?” सलिलने म्हटलं.

दारात विकत घेतलेली प्रत उघडून मी उठले. “पान बेचाळीस. नदी गावाच्या उत्तरेला आहे असं छापलंय. ती दक्षिणेला आहे.”

साहेबांनी मला ओळखलं. त्यांनी माइक जवळ घेतला. “ताई, मी तिथे उभा राहिलोय. या डोळ्यांनी पाहिलीये नदी.”

“कोणत्या बाजूला पाहिलीत?”

थोडे लोक हसले. साहेबही. “तुम्ही केव्हा गेला होतात फ्रान्सला?”

“नाही गेले. पासपोर्टच नाही माझ्याकडे.”

आता बरेच हसले. सलिल म्हणाला, “बरं, पुढचा प्रश्न...”

“तुमच्या मागे पडदा आहे, साहेब. फोटो बघा. दुपारचे एक बावन्न, आणि सूर्य नदीवर. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला येतो का?”

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या साहेबांचा चेहरा काळा, मागे उजेड. दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी बोट हवेत फिरवून काहीतरी हिशेब केला. “बरोबर बोलतायत त्या,” ते शेजाऱ्याला म्हणाले, पण त्यांना कमी ऐकू येत असावं, कारण हॉलभर ऐकू गेलं.

“असेल एखादी बारीक चूक,” साहेब म्हणाले.

“एखादी नाही, बऱ्याच आहेत. आणि त्या तुमच्या नाहीत.” माझा आवाज कापत होता. रागाने कापतो तसा. ऐकणाऱ्याला वाटतं, ही घाबरलीये. “नकाशा उलटा काढलेला, मी तो सुलटा समजून वाचला. ती अकरा पानं मी लिहिलीत. चूक माझी आहे.”

हे बोलायला मला तीन महिने लागले होते. माझं आहे म्हणून सांगायचं तर चुकलंय तेही माझंच म्हणावं लागणार होतं, भरल्या हॉलमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा लेखिका म्हणून उभी राहताना.

साहेबांचा चेहरा लाल झाला. इतका वेळ जपलेली मायाळू पट्टी सुटली. “मग लाज वाटायला हवी तुम्हाला. लिहिण्याआधी तपासायचं नाही? तुमच्या निष्काळजीपणामुळे माझ्या पुस्तकात सगळ्या दिशा चुकल्या.”

सलिलने माइकवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. साहेबांना आपण काय बोललो ते सगळ्यात शेवटी कळलं. त्यांनी आणखी एकदा तोंड उघडलं.

“प्रभाकर,” सुहासिनीताई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “बसा आता.”

मारुती बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाला, “बसा म्हणाली, बघितलंस? पाया पडायला पायजे त्या बाईच्या.”

त्याच दिवशी घरी येऊन मी साइटवरचं पान काढून टाकलं. दुरुस्त करून, नाव घालून परत टाकायचं होतं, आणि ते सावकाश करायचं होतं.

गुरुवारी दुपारी गद्रेसाहेब दुकानात आले. पुस्तक हातात, खिशात पेन्सिल. सलिलने बजावलं होतं, शुद्धिपत्र लावल्याशिवाय एकही प्रत दुकानात जाणार नाही.

“किती ठिकाणी चुकलंय?” उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं.

“चौदा.”

“यादी द्या.”

“देते. शुद्धिपत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं, प्रकरण सातवं, लेखन सुमती भोस्तेकर. मग यादी.”

“शेवटी संदर्भसूचीत घालतो नाव.”

“पहिल्या ओळीत.”

“हा हट्ट झाला. दिशा तर उलट्या करायच्यात, उत्तर तिथे दक्षिण. त्यात काय, मी करतो.”

“करा की.”

ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि सातवं प्रकरण उघडलं. मी समोरची लग्नपत्रिका पूर्ण करायला घेतली. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की सगळ्या दिशा चुकलेल्या नव्हत्या. नकाशावरून घेतलेल्या उलट्या होत्या, पण बऱ्याच मी फ्रेंच कागदांतून घेतल्या होत्या, त्या सरळ होत्या. कुठली कुठून आली, ते मला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. सोलांजलाही नाही.

पाऊण तास गेला. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. सहा जागा; उत्तर-दक्षिण असे शब्द होते तेवढ्याच, ऊन-वाऱ्यावरून लिहिलेल्या सुटल्या होत्या. त्यांतल्या दोन मुळात बरोबर होत्या, त्या त्यांनी नव्याने चुकवल्या होत्या.

“चार सापडल्या,” मी म्हटलं. “आणि या दोन बिघडवल्यात तुम्ही.”

“हिवाळ्यातला वारा कुठल्या दरवाजावर येतो?” त्यांनी विचारलं. आवाजातला तोरा अजून गेला नव्हता, पण ढिला पडला होता.

“तुम्ही जाऊन आलाय.”

“एप्रिलमध्ये गेलो होतो हो मी. दीड तास होतो. बस लागली होती परतीची.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बाकावर, गुडघ्यावर पुस्तक. क्षणभर मला त्यांची कणव आली असती. पण “टाइप केलं असेल” हे शब्द याच बाकाशेजारी उभं राहून ते बोलले होते, आणि त्या शब्दांचं त्यांनी अजून काहीच केलं नव्हतं.

मी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं. ‘शुद्धिपत्र’ असं वर लिहिलं, खाली रेघ मारली. मग ‘प्रकरण सातवे. संकलन :’ इथवर आले.

“संकलन नाही,” मी म्हटलं.

पेन थांबलं. बाहेर रिक्षावाले कोणाशीतरी हुज्जत घालत होते. साहेबांनी ‘संकलन’ खोडलं, ‘लेखन’ लिहिलं, माझं नाव लिहिलं, आडनाव कसं लिहायचं ते विचारलं. मी सांगितलं.

“आता लिहा,” मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “पान बेचाळीस, ओळ तिसरी.”